परिपाठाच्या रांगेतले हात

लातूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सकाळी परिपाठ सुरू होतो तेव्हा क्रम साधारण ठरलेला असतो : राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, मग प्रार्थना, सुविचार, बोधकथा. प्रार्थना साने गुरुजींची असेल तर कोणाचीच हरकत नसते. पण कुठे सरस्वतीच्या फोटोला हार असतो, कुठे दसऱ्याला पाटीपूजन होते. रांगेत बिराजदार असतो, कांबळे असतो, सय्यद असतो. हात सगळ्यांचेच जोडलेले. डोळे मिटलेत की नाही, ते गुरुजी बघतात.

वाद देवाचा नाहीच. सरकारी पैशाच्या शाळेत पोराने हात जोडायचे की नाही, हे ठरवायचे कोणी, एवढाच प्रश्न आहे.

मराठवाड्याने तो एकदा सोसला आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना त्याच्या उस्मानिया विद्यापीठात मुस्लिम विद्यार्थ्यांना धर्मशास्त्र आणि बाकीच्यांना नीतिशास्त्र सक्तीचे होते. १९३८च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हटले. बंदी आली, मुलांनी संप केला, नावे कमी झाली. उस्मानियातही तेच घडले. शेकडो मुले शिक्षणासाठी नागपूरला गेली. नागपूर विद्यापीठाने त्यांना पदरात घेतले. त्या चळवळीत पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह रावही होते.

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, आणि सांगायलाच हवी. पण अभिमान कशाचा? गाण्याचा, की प्रार्थनेच्या वेळी सरकारचे ऐकले नाही याचा? दुसऱ्याचा असेल, तर गाणे बदलले, सरकार बदलले, तरी मुलाचा हक्क तोच राहतो. केरळमध्ये १९८५ साली यहोवाचे साक्षीदार पंथातली तीन भावंडे राष्ट्रगीताला अदबीने उभी राहिली, पण गायली नाहीत. शाळेने काढून टाकले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्याची वेतनवाढ अडली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची बाजू उचलून धरली. हात न जोडणे म्हणजे बेशिस्त नव्हे, हे सांगायला उच्च न्यायालय लागले!

संविधानाचे कलम २८ याबाबत पुरेसे स्पष्ट आहे. संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही धर्मशिक्षणाला वा उपासनेला बसण्याची सक्ती नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी.

मग शाळेतून धर्म हद्दपारच करायचा? तसे नाही. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयीचा अभ्यास आणि धर्मशिक्षण यांत फरक केला. तो फरक नांदेडला आधीच ठाऊक असावा. तिथल्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर नास्तिक होते. पण मनुस्मृतीवर त्यांनी सविस्तर लिहिले, ते तिची चिकित्सा करण्यासाठी. २०२४च्या मे महिन्यात राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीतला श्लोक आला, गीता आणि मनाचे श्लोक यांच्या पाठांतराची सूचना आली, आणि गदारोळ उठला. वर्गात प्रश्न विचारता येत असतील तर गीताही शिकवावी, कुराणही, धम्मपदही. पाठांतरात प्रश्नाला जागा नसते.

सरकारलाही हा फरक पेलत नाही. २०१७च्या जानेवारीत देवादिकांचे फोटो आणि धार्मिक विधी सरकारी कार्यालयांत, शाळांत नकोत, असे परिपत्रक निघाले. शिवसेनेने आवाज चढवताच महिन्याभरात ते मागे घेतले गेले. भिंतीवरचा फोटो काढण्यावरून भांडण जुंपले. खाली रांगेत उभ्या पोराला मात्र कोणी काही विचारले नाही.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माचा रकाना असतो, जातीचाही असतो. प्रवेशाच्या वेळी पालकाकडून प्रार्थनेची संमती मात्र कोणी लिहून घेत नाही.