गरम गाडीच गॅरेजला न्यावी

॥ श्री गुरवे नमः ॥



आपल्या केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीत हा प्रकार कधी ना कधी आपण पाहिलेला असतो. पेडण्याहून छान धावत आलेली गाडी बोटीत चढवून बंद करतात. पलीकडचा धक्का लागतो, सगळे चावी फिरवतात आणि एकच गाडी काही केल्या सुरू होत नाही. मागचे हॉर्न वाजवू लागतात. अर्ध्या तासाने तीच गाडी पहिल्या चावीला सुरू! मालक म्हणतो, "नखरे करते, बाकी काही नाही."

नखरे नव्हेत ते. आधी आवाज ऐकावा. चावी फिरवल्यावर नुसतं 'टिक' झालं, तर बॅटरी, तिचे टर्मिनल नाहीतर सेल्फ. आपल्याकडे खारा वारा. टर्मिनलवर पूड साचते आणि नवी बॅटरीसुद्धा मेल्यासारखी वागते. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, ते आधी मोजून घ्यावं. पण सेल्फ जोरात फिरतोय आणि इंजिन पकडत नाही, तर दोष पेट्रोलचा, ठिणगीचा किंवा सेन्सरचा. आणि हे फक्त गाडी गरम असतानाच होत असेल, तर क्रँक सेन्सर जरूर तपासावा. इंजिन बंद केलं की आतलं पाणी फिरायचं थांबतं, म्हणून पहिली काही मिनिटं बॉनेटखालची उष्णता उलट वाढते. त्या उष्णतेत कमकुवत सेन्सर मुका होतो. इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळतच नाही, मग ठिणगी कुठून पडणार? थंड झालं की तो पुन्हा बोलू लागतो.

म्हणूनच जाणता मेकॅनिक सांगतो, गाडी गरम असतानाच आणा. थंड गाडीत त्याला काय सापडणार!

आपली साधनाही अशीच थांबते. चतुर्थीचे पाहुणे, मग सुतक, मग सासूबाईंचं आजारपण. माळ खुंटीला लागते ती लागतेच. बाळंतीण, रात्रपाळीवाला, आजाऱ्याची सेवा करणारी सून यांना नामाची गोडी उरली नाही असं कृपा करून म्हणू नका. त्यांची बॅटरी उतरलीय. त्यांना एक वेळचा डबा नेऊन द्या, झोपू द्या.

दुसरे असतात, ते रोज बसतात. मणी फिरतात, पण आत काही पेटत नाही. बहुतेक वेळा कुणाचा तरी एक शब्द आत अडकलेला असतो. घराच्या वाटणीवरून भावाभावांत वाजलं की माणूस सत्संगाला येत नाही. चार महिन्यांनी येतो तेव्हा सगळं थंड झालेलं, "ठीक आहे सगळं." मग दोष दिसणार कसा? राग ताजा असताना, डोळे सुजलेले असताना या. गुरूंच्या पायाशी नीटनेटकं होऊन यायचं बंधन कुणी घातलं?

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने हेच विचारलं आहे. मध्येच सुटलेल्याचं काय, तो फुटलेल्या ढगासारखा विरून जातो का? भगवंत सांगतात, तसं होत नाही. या जन्मी नाही तर पुढच्या जन्मी तो जिथे सोडलं तिथूनच पुढे जातो. म्हणजे केलेला जप कुठे जात नाही.

आणि हो, सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये, तोच तापतो. वर्षभर बंद असलेल्याने पहिल्याच दिवशी अकरा माळांचा संकल्प सोडू नये. एक माळ पुरे. उद्या पुन्हा एक.

आपल्या गटातली तीन-चार कुटुंबं चतुर्थीपासून दिसलेली नाहीत. त्यांना "का आला नाहीत?" असे मेसेज टाकू नका, तो मागून वाजवलेला हॉर्नच. या आठवड्यात दोघी-दोघींनी घरी जाऊन या. भजनाची वही नेऊ नका. चहा घ्या, आणि ती बोलतील ते ऐका.