हाताची किंमत

अपघातात कर्त्या माणसाचा हात गेला की घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘भोग होता.’ मग भरपाई मागणं म्हणजे दैवाशी भांडणं का?

धर्मशास्त्राला तसं वाटलं नव्हतं. अंगाला इजा करणाऱ्यानं जखमी बरा होईपर्यंतचा खर्च द्यावा, असं मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो. त्याला शब्द आहे समुत्थानव्यय, म्हणजे पुन्हा उठून उभं राहण्याचा खर्च. किती मायाळू शब्द!

आजचं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण पुढच्या बुडालेल्या कमाईचाही हिशेब वयाच्या गुणकानं मांडतं. २६ ते ३० वयाला वर्षाच्या बुडालेल्या कमाईची १७ पट. खरा पेच पुढेच. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये स्पष्ट केलं की डावा हात तुटला तर सुताराची सगळी कमाई बुडू शकते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. हात तोच, रक्कम वेगळी. हे न्याय्यच आहे. पण लेकराला दोन्ही हातांनी उचलण्याचं सुख कारकुनानंही गमावलेलं असतं. त्यासाठी वेदना आणि जीवनसुखाच्या हानीचे निराळे रकाने आहेत.

असा दावा लोकअदालतीत मिटवला, तर तडजोडीवर सही झाली की अपील नाही. अपंगत्वाचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेला माणूस तिथे उजव्या हातानं सही करतो. कागद सरकू नये म्हणून बायको तो धरून ठेवते.