निष्ठा कोणाशी?

जुनी गाडी दुरुस्त करणारा निष्ठा राखतो ती गाडीच्या भागांशी की तिच्या कामाशी? आठवडाभर भाषांतर आणि रविवारी गॅरेज, अशा माझ्या दिनक्रमात हा प्रश्न दोन्हीकडे भेटतो.

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी-इंजिनात मोठा बदल न झालेली गाडीच ‘व्हिंटेज’ ठरते. मात्र ती रोजच्या वापरात आणता येत नाही. मूळपण टिकते, काम सुटते. माल वाहणाऱ्या डिझेल पिकअपचे उलट. क्लच, नोझल, पंप बदलत राहतात. टाकी कोरडी पडून लाइनीत हवा शिरली, की स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारत ती काढायची. मूळ पार्ट कुठला, हे तिथे कोणी विचारत नाही. चढ चढते का, एवढेच पाहतात. भाषांतरही असेच: शब्द सगळे बदलतात, ओझे पोचते.

म्हणून मी पिकअपच्या बाजूचा. पण निष्ठा कामाशी असेल, तर धूरही कामातच मोजायला हवा. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल गाड्या चालवण्यास मनाई केली, ती याच हिशेबातून. इथे भाषांतराची उपमा संपते. वाईट अनुवाद वाचक मिटून ठेवू शकतो. मागचा सायकलवाला श्वास थांबवू शकत नाही. गाडी किती काळ जगवायची, हे ठरवताना त्याचा शब्द माझ्या हौसेपेक्षा वरचा धरावा लागतो.