अभावाचे ऋण

अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या कंबरलंडपासून पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गपर्यंत ‘ग्रेट ॲलेगेनी पॅसेज’ नावाची सुमारे 240 किलोमीटरची सायकलवाट जाते. कंबरलंडहून ती ॲलेगेनीच्या डोंगरात चढते, 729 मीटर उंचीवरचा जलविभाजक ओलांडते, मग कॅसलमन नदीचा काठ धरते आणि पुढे यॉकोगेनी नदीच्या खोऱ्यातून खाली उतरत जाते. मोटारींना तिच्यावर मज्जाव आहे. अशा वाटांची थोरवी सांगताना दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. इथे माणूस निसर्गाच्या मूळ शांततेत परत जातो, ही एक. आणि इथे तो जे अंतर कापतो ते निव्वळ स्वतःच्या बळावर कापतो, ही दुसरी. दोन्ही मला चुकीच्या वाटतात, आणि ही चूक किरकोळ तपशिलाची नाही. तिच्या मुळाशी स्वातंत्र्याविषयीची एक सोयीस्कर समजूत आहे: वाटेतला अडथळा गेला की माणूस मोकळा झाला, आणि त्या मोकळेपणापायी तो कोणाचे काही देणे लागत नाही. माझे म्हणणे असे की हा मोकळेपणा दुसऱ्यांनी घडवलेला असतो आणि तो भोगणाऱ्यावर ऋण चढवतो.

आधी शांततेचे पाहू. आपल्याकडच्या न्याय-वैशेषिकांनी अभावालाही पदार्थाचा दर्जा दिला आणि त्याचे प्रकार पाडले. वस्तू निर्माण होण्यापूर्वी जो असतो तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही, पण वस्तू घडली की तो संपतो. वस्तू नष्ट झाल्यावर जो उरतो तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, अंत नाही. घडा घडण्यापूर्वीचे रिकामे अंगण आणि घडा फुटल्यानंतरचे रिकामे अंगण डोळ्यांना सारखेच दिसेल, पण नैयायिक त्यांना एक मानणार नाही. यॉकोगेनीच्या खोऱ्यातली शांतता उघडउघड दुसऱ्या जातीची आहे. ही वाट म्हणजे जुन्या रेल्वेमार्गांचे तळ. कंबरलंड ते कॉनेल्सव्हिल हा वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचा फाटा 1912 साली सुरू झाला आणि 1975 मध्ये त्याचा बहुतेक भाग बंद पडला. रूळ उखडले गेले, ओहायोपाइल गावाजवळचा पहिला छोटा टप्पा 1986 साली सायकलींसाठी खुला झाला आणि पिट्सबर्गपर्यंतचे काम पुरे व्हायला 2013 साल उजाडले. नदीच्या पलीकडच्या काठाने मालगाड्या आजही धावतात. इथे निसर्ग परत आलेला नाही. एक उद्योगयुग येऊन गेले आहे आणि त्याच्या मागे राहिलेल्या रिकाम्या जागेतून सायकली जातात. जुन्या खाणींतून झिरपणारे लोहमिश्रित पाणी या वाटेच्या कडेला कितीतरी ठिकाणी दगड नारिंगी करून टाकते. मूळ शांततेची भाषा बोलणाऱ्याला त्या पाण्याचे काय करावे हे कळत नाही, म्हणून तो बहुधा त्याचा उल्लेखच टाळतो.

मोटारी नसणे हेही आपोआप घडत नाही. कंबरलंडला याच वाटेला चेसापीक-ओहायो कालव्याचा जुना काठरस्ता मिळतो. घोडी-खेचरे नावा ओढत ज्यावरून चालत तो. विसाव्या शतकाच्या मध्यावर या काठाने मोटाररस्ता काढण्याची योजना होती. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी तिला विरोध म्हणून हा सुमारे 297 किलोमीटरचा काठ पायी चालून दाखवला आणि योजनेला पाठिंबा देणाऱ्या वृत्तपत्राच्या संपादकांनाही सोबत येण्याचे आव्हान दिले. 1971 साली त्या कालव्याचे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले. म्हणजे इथे जी गोष्ट नाही ती नसावी म्हणून माणसे झटली.

आता स्वबळाचे. कंबरलंडपासून जलविभाजकापर्यंत सुमारे 38 किलोमीटरांत साडेपाचशे मीटरच्या आसपास चढायचे असते, तरी चढ कुठेही पावणेदोन टक्क्यांच्या वर जात नाही. हा डोंगराचा स्वभाव नव्हे. कोळशाने लादलेली गाडी वाफेच्या इंजिनाला ओढता यावी म्हणून डोंगर फोडून, दऱ्यांवर पूल टाकून ही चढण मुद्दाम सौम्य केली गेली. आपल्या बोरघाटात रेल्वे 37 फुटांमागे 1 फूट चढते. इथे तेच प्रमाण 57 फुटांमागे 1 पडते. बिग सॅव्हेज डोंगराच्या पोटातून तर एक किलोमीटर लांबीचा बोगदाच काढला आहे. सामान्य प्रकृतीचा, साठी ओलांडलेला माणूससुद्धा सामान लादलेली सायकल घेऊन ॲलेगेनी पार करू शकतो, त्याला त्याच्या मांड्यांइतकाच 1912 चा सुरुंग कारण आहे. हवेचा विरोध जाणवणाऱ्या पारव्याला वाटते की निर्वात पोकळीत आपण अधिक सहज उडू, असे कांटने ‘शुद्ध बुद्धीच्या मीमांसे’च्या उपोद्घातात म्हटले आहे. यंत्रयुगापासून सुटका म्हणून या खोऱ्यात येणारा सायकलस्वार त्या पारव्यासारखा आहे. ज्याच्यापासून सुटायचे म्हणतो त्यानेच त्याला उचलून धरले आहे.

यावर पहिला आक्षेप असा की कोणता रस्ता दुसऱ्याने बांधलेला नसतो? मग या एका वाटेवर ऋणाचे ओझे का? आक्षेप रास्त आहे, पण महामार्गावरचा मोटारवाला मी स्वबळावर चाललो असे म्हणत नाही. पेट्रोल आणि टोल त्याला तसे म्हणू देत नाहीत. दावा जितका मोठा, तितका हिशेब तपासून घ्यावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. रेल्वे कंपनीने हा मार्ग सायकलस्वारांसाठी बांधला नाही, नफ्यासाठी बांधला. देणाऱ्याच्या मनात देणे नसेल तर घेणारा ऋणी कसा? आणि बांधणारे हयात नसतील तर फेड कोणाला करायची? इथे मला वैदिक ऋणकल्पना आधुनिक करारकल्पनेपेक्षा अधिक उपयोगी वाटते. तैत्तिरीय संहिता जन्मतःच येणारी तीन ऋणे सांगते: ऋषींचे, देवांचे, पितरांचे. शतपथ ब्राह्मण त्यांत चौथे, माणसांचे ऋण मिळवते. ही ऋणे कोणी मागून घेतलेली नाहीत, आणि ऋषींनी किंवा पितरांनी आपल्याला नजरेसमोर ठेवूनच सारे केले का, असा प्रश्नही तिथे विचारलेला नाही. शिवाय फेड धनकोच्याच हाती होत नाही: पितरांचे ऋण संततीने फिटते, ऋषींचे अध्ययनाने, माणसांचे अतिथीला आसरा आणि अन्न देऊन. ऋण मागून येते आणि फेड पुढे जाते. हेतू आणि करार यांच्याशिवायही देणे असू शकते, एवढे या कल्पनेतून घ्यावे. बाकीचे यज्ञशास्त्र घेण्याचे कारण नाही.

पण ऋणाची हीच भाषा आपल्या समाजात माणसांना जागच्या जागी जखडण्यासाठी वापरली गेली, हा तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. तैत्तिरीयाचे वचन तर ब्राह्मणापुरतेच बोलते. पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यालाच ‘तू देणे लागतोस’ असे सांगितले गेले. याला उत्तर एकच: ऋण कोणावर आहे हे कष्टाने ठरत नाही, उपभोगाने ठरते. ही दिशा उलटली की ऋण म्हणजे वेठबिगारी होते. यॉकोगेनीच्या काठी ती दिशा स्पष्ट दिसते. 19 डिसेंबर 1907 रोजी या नदीकाठच्या डार खाणीत स्फोट होऊन 239 माणसे आणि मुले मेली. त्यांत हंगेरीतून पोटासाठी आलेले पुष्कळ होते. ही खोरी रेल्वेने जोडली गेली ती त्यांनी खणलेल्या कोळशासाठी. नदीचे नावच ज्यांच्या भाषेतून आले त्या लेनापे या मूलनिवासी लोकांचा हिशेब त्याहून जुना आहे. काही धनको मात्र हयात आहेत. बंद रेल्वेमार्ग मोडीत निघाला असे न मानता भविष्यातल्या रेल्वेसाठी राखून ठेवल्याचे मानावे आणि तोवर त्यावर वाट चालू द्यावी, अशी तरतूद अमेरिकेने 1983 साली केली. (प्रध्वंसाभावाला अंत नसतो हे या कायद्याला मान्य नाही, असे नैयायिक म्हणेल.) रेल्वे गेल्यावर जमीन आपल्याकडे परत यायला हवी होती, असे म्हणणारे लगतचे जमीनमालक न्यायालयात गेले. 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण भरपाई मागण्याचा मार्ग खुला ठेवला. मोकळ्या वाटेची किंमत कोणी भरावी, हा प्रश्न कायद्यालाही टाळता आला नाही.

उरतो तो व्यवहारी आक्षेप. सायकलस्वार वाटेवरच्या गावांत राहतो, जेवतो, पैसे देतो. खाणी आणि गिरण्या बसल्यावर ओस पडलेल्या गावांना त्या पैशाचा आधार आहे. मग आणखी काय हवे? आधार आहे हे खरे, आणि तो लहान नाही. पण खोलीचे भाडे ही आजच्या खोलीची किंमत आहे. बिग सॅव्हेजचा बोगदा बर्फाने फुटू नये म्हणून दर हिवाळ्यात त्याची दारे लावून घ्यावी लागतात. दगडी चुरीचा पृष्ठभाग पावसाने वाहून गेला की पुन्हा घालावा लागतो. यातले बरेचसे काम स्वयंसेवक बिनमोल करतात. नारिंगी पाणी निवळवण्याचा खर्च तर खाणीच्या जुन्या मालकांवर लादायचा म्हटले तरी त्यांतले कितीतरी आता कागदावरही उरलेले नाहीत. या कामांत ज्याचा हात किंवा पैसा लागतो त्याची फेड सुरू झाली, असे मी मानेन. ओहायोपाइलचे जेवण उत्तम होते आणि त्याचे बिल चुकते केले, एवढ्यावर मात्र डार खाणीतल्या माणसांच्या खात्यात काही जमा होत नाही.