शब्द कुणाचा, हात कुणाचा?



मी चौथीत असतानाची गोष्ट आहे. हजेरी घेताना गुरुजींनी माझे नाव घेतले नाही. नावाऐवजी जातीवरून एक शब्द उच्चारला. वर्ग हसला. गुरुजींनी मला हात लावला नव्हता, की कुणाला मारायलाही सांगितले नव्हते. पण मधल्या सुट्टीत चार मुलांनी मला पाण्याच्या टाकीजवळ गाठले आणि तोच शब्द म्हणत म्हणत मारले. त्यांतला एक जण आदल्या दिवसापर्यंत माझ्याबरोबर गोट्या खेळत होता.

आज मी स्वतः शिक्षक आहे. पण तो प्रश्न अजून माझी पाठ सोडत नाही. मला मारले कुणी? त्या मुलांनी की गुरुजींनी?

हाच प्रश्न मोठा करून पाहा. पुढारी व्यासपीठावरून बोलतो. तो काठी उचलत नाही, काडी ओढत नाही. त्यानंतर कुठे तरी वस्ती जळते. पुढारी म्हणतो, "मी फक्त बोललो." काडी ओढणारा म्हणतो, "मी फक्त ऐकले." दोघेही हात झटकतात. मेलेला तेवढा मेलेला राहतो. मग हे अकुशल कर्म कुणाच्या खाती लिहायचे?

याचे उत्तर रागाच्या भरात देऊ नये. ज्या देशात हा प्रश्न थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला, त्या देशाची हकीकत आधी पाहू. तो देश म्हणजे आफ्रिकेतील रवांडा.

तिथे हुतू बहुसंख्य आणि तुत्सी अल्पसंख्य. भाषा एक, टेकड्या एक, प्रार्थनामंदिरे एक, आपसात सोयरिकीसुद्धा. बेल्जियमच्या राजवटीने १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याची जमात लिहिली. साठ वर्षांनी रस्त्यावरच्या नाक्यानाक्यांवर तीच नोंद वाचून माणसे मारली गेली. १९९० साली तुत्सी निर्वासितांची बंडखोर सेना आणि हुतू सरकार यांच्यात युद्ध पेटले. ६ एप्रिल १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांचे विमान पाडले गेले आणि पुढच्या सुमारे शंभर दिवसांत तुत्सींची आणि या कत्तलीला विरोध करणाऱ्या हुतूंची सरसकट हत्या झाली. मृतांचे अंदाज पाच लाखांपासून दहा लाखांपर्यंत जातात. मारणाऱ्यांत सैनिक होते, पक्षाच्या टोळ्या होत्या, आणि कोयते घेतलेले शेजारीही होते.

हे आकाशातून पडले नाही. जुलै १९९३ पासून आर.टी.एल.एम. नावाचा एक रेडिओ तिथे बोलत होता. गाणी लावायचा, विनोद करायचा आणि मधूनच तुत्सींना 'इन्येंझी' म्हणायचा. इन्येंझी म्हणजे झुरळ. झुरळ चिरडताना कुणाला पाप वाटते काय? माणसाला मारायचे असेल तर त्याचे नाव आधी मारावे लागते. माझ्या गुरुजींनी हजेरीत नेमके तेच केले होते. दुसरा शब्द होता 'काम'. आपल्याकडे श्रमदानाला गाव जमते, तशी गावकामाला जमण्याची रीत रवांडात होती. पुढाऱ्यांनी कत्तलीला तोच शब्द लावला. झुरळे आहेत, काम करायचे आहे. एवढ्या दोन शब्दांत खून हा खून राहिला नाही.

तरीही कुणी म्हणेल, द्वेष आधीपासूनच होता, युद्धाची भीती होती, गरिबी होती. भाषणाने काय झाले? या शंकेला दक्षिणेकडच्या बुतारे प्रांताने उत्तर दिले आहे. तिथेही तोच रेडिओ ऐकू येत होता, तीच गरिबी होती, त्याच दोन जमाती होत्या. परंतु तिथल्या प्रमुख अधिकाऱ्याने कत्तलीला साथ दिली नाही. देशात रक्ताचे पाट वाहत असताना पहिले सुमारे दोन आठवडे त्या प्रांताचा बराचसा भाग पुष्कळ अंशी शांत राहिला. मग सरकारने त्या अधिकाऱ्याला दूर केले. १९ एप्रिल १९९४ रोजी नव्या अधिकाऱ्याच्या नेमणुकीच्या समारंभाला हंगामी राष्ट्राध्यक्ष सिंदिकुब्वाबो स्वतः आले. ते मूळचे त्याच भागातले. आपला याच्याशी काही संबंध नाही असे समजून बसलेल्यांना त्यांनी खडसावले आणि जे काम करत नाहीत त्यांनी वाटेतून बाजूला व्हावे, असे सांगितले. 'मारा' हा शब्द त्यांना वापरावा लागला नाही. लोकांना अर्थ कळला. त्यानंतर बुतारेत सर्वत्र कत्तल सुरू झाली. दूर केलेला तो अधिकारीही पुढे मारला गेला.

वाचकहो, या एका हकीकतीत दोन गोष्टी आहेत. सत्तेवरच्या माणसाचा शब्द आग लावतो. आणि सत्तेवरच्याच दुसऱ्या माणसाचा शब्द ती आग काही काळ तरी अडवून धरतो. तेव्हा "माझ्या बोलण्याने काय होते?" असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही पुढाऱ्याला नाही.

परंतु सगळा भार एकट्या शब्दावर टाकणेही खरे नाही. स्कॉट स्ट्रॉस या अमेरिकन अभ्यासकाने रवांडाच्या तुरुंगांत शिक्षा झालेल्या दोनशेवर अपराध्यांना विचारले, "तुम्ही हे का केलेत?" रेडिओमुळे केले, असे सांगणारे थोडेच निघाले. युद्धाची भीती होती, गावचा अधिकारी दारात आला, जमाव घेऊन गेला, नाही म्हणालो असतो तर मलाच मारले असते, ही उत्तरे जास्त होती. म्हणजे ठिणगी वरून पडते आणि सरपण खाली रचलेले असते. पुढाऱ्याचा शब्द प्रत्येकाच्या मनात नवा द्वेष निर्माण करतोच असे नाही. तो परवानगी देतो. काल ज्याची लाज वाटत होती ते आज कर्तव्य ठरते.

न्यायालयानेही हा भेद काळजीपूर्वक केला. आरुशा येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे कत्तलीच्या काळातील पंतप्रधान कांबांडा यांनी १९९८ साली वंशसंहाराचा गुन्हा कबूल केला. चिथावणीही त्यात होती. त्यांना जन्मठेप झाली. रेडिओच्या आणि 'कांगुरा' या वृत्तपत्राच्या चालकांना २००३ साली शिक्षा झाल्या. २००७ च्या अपिलात त्यांतले काही दोष रद्द झाले, शिक्षा कमी झाल्या. पण कत्तल सुरू असताना जे प्रसारण झाले त्याचा दोष कायम राहिला. ज्याने कोयता धरला नाही तोही खुनाचा वाटेकरी असू शकतो, हे अशा रीतीने कायद्याने मान्य केले.

मग ऐकणारा सुटला काय? नाही.

अंगुलिमालाची कथा आपल्या घराघरांत मुलांना सांगितली जाते. पण तो दरोडेखोर कसा झाला, हे आपण बहुधा सांगत नाही. अट्ठकथा सांगते की त्याचे मूळ नाव अहिंसक. तक्षशिलेचा हुशार विद्यार्थी. सहाध्यायांनी मत्सराने गुरूचे कान भरले, आणि गुरूने गुरुदक्षिणा म्हणून हजार बोटे मागितली. पाहा, शब्दावर शब्द रचत गेले आणि शेवटी अहिंसकाच्या हातात शस्त्र आले. तथागतांनी त्याला संघात घेतले. पण "तुझ्या गुरूने सांगितले होते, तुझा दोष नाही" असे ते म्हणाले नाहीत. श्रावस्तीत भिक्षेला गेला असता लोकांचे दगड लागून त्याचे डोके फुटले, पात्र फुटले, चीवर फाटले. ते सहन कर, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे, असे तथागतांनी त्याला सांगितले. गुरूचा दोष गुरूचा, शिष्याचा दोष शिष्याचा. एकाचा मोजला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही.

आणि 'नाही' म्हणता येते, हेही रवांडानेच दाखवले. मार्च १९९७ मध्ये न्यांगे गावच्या माध्यमिक शाळेत रात्री हत्यारबंद लोक शिरले. विद्यार्थ्यांना म्हणाले, हुतू एका बाजूला व्हा, तुत्सी दुसऱ्या बाजूला. मुले हलली नाहीत. आम्ही सारे रवांडाचे आहोत, एवढेच त्यांचे उत्तर. त्यांच्यावर गोळ्या आणि बॉम्ब टाकले गेले, काही मुले मारली गेली. ही मुले तोच रेडिओ असलेल्या देशात वाढली होती. शिक्षक म्हणून मी त्यांच्यापुढे मान लववतो.

इथे थांबलो तर आपल्याला बरे वाटेल. तो देश दूरचा, ते लोक दुसरे. आपला धम्म तर करुणेचा. म्हणून पुढचे लिहिणे मला कठीण जाते, पण लिहिले पाहिजे. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, ऑगस्ट २०१७ पासून सैन्याच्या कारवाईमुळे सात लाखांवर रोहिंग्या मुसलमान जीव घेऊन बांगलादेशात पळाले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला सितगू सयाडो या ज्येष्ठ आणि विद्वान भिक्खूंनी सैन्याच्या अधिकाऱ्यांपुढे प्रवचन दिले. त्यात त्यांनी सिंहलद्वीपाच्या 'महावंस' ग्रंथातील दुट्ठगामणी राजाची कथा सांगितली. युद्धात मारलेल्यांच्या आठवणीने राजा व्याकूळ होतो, तेव्हा भिक्खू त्याला सांगतात की तुझ्या हातून फक्त दीड माणूस मेला. एक त्रिशरण घेतलेला, तो अर्धा, एक पंचशील घेतलेला, तो मिळून दीड, बाकीचे पशूसारखे.

हे प्रवचन कत्तलीनंतरचे आहे. त्याने कत्तल घडवली असे मी म्हणणार नाही. पण ज्या मनाला टोचणी लागायला हवी होती, त्या मनाला त्याने थोपटले. चीवर अंगावर होते, म्हणून तर ते शब्द अधिक भारी झाले.

बंधू-भगिनींनो, दीड माणूस! ज्यांच्या आजोबा-पणजोबांना कुणी पूर्ण माणूस मोजले नाही, ज्यांच्या सावलीचाही हिशेब झाला, त्या आपण हे गणित कसे मान्य करावे? १९५४ साली बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि १९५६ साली त्यांनी आपल्याला या धम्मात आणले, ते असल्या मोजणीतून बाहेर काढण्यासाठी. मोजणाऱ्यांच्या रांगेत आपल्यालाही एक जागा मिळावी म्हणून नव्हे.

सम्यक वाचा आपण पाठ करतो. ती बोलणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्यासाठीही आहे, असे मला वाटते. उद्या तुमच्या गावात सभा होईल. पुढारी दुसऱ्यांचा असेल, कदाचित आपलाच असेल. आपला असेल तेव्हा जास्त सावध राहा, कारण आपल्या माणसाच्या शब्दाला टाळी लवकर पडते. तो कुणाला माणसाच्या नावाऐवजी किड्याचे, जनावराचे, रोगाचे नाव देतो काय? तो वाईट कृत्याला चांगले नाव देतो काय? त्याच्या बोलण्याने तुमची लाज कमी होते काय? यांपैकी एकाचेही उत्तर 'होय' आले, तर टाळी वाजवू नका. घरी या आणि मुलांना सांगा की टाळी का वाजवली नाही.

मला मारणाऱ्या त्या चौघांत एक पाचवा मुलगाही उभा होता. त्याने मारले नाही आणि सोडवलेही नाही. गुरुजींना मी केव्हाच जबाबदार धरले आहे, त्या चौघांनाही. पण हजेरी घेताना मी आज प्रत्येक मुलाचे पूर्ण नाव उच्चारतो, ते त्या पाचव्यासाठी. वर्गात एकाच्या नावाऐवजी दुसराच शब्द ऐकू आला, तर तो त्याला खटकला पाहिजे.