बोळातील पाट

घर पाहावे बांधून, अशी आपल्याकडे म्हण आहे. घर दुरुस्त करून पाहावे, असे मात्र कोणी म्हणत नाही. वस्तुतः जुन्याची डागडुजी करण्यातच माणसाची अधिक परीक्षा होते. नवे घर मोकळ्या जागेत उभे राहते. जुन्या घराच्या भिंतीस शेजाऱ्याची भिंत, शेजाऱ्याची पागोळी आणि शेजाऱ्याची पिढीजात सवय टेकलेली असते.

आमचे घर बेळगावातील एका जुन्या गल्लीत आहे. भिंती जांभ्या दगडाच्या, वर मंगळुरी कौले. गेल्या पावसाळ्यात मागील भिंतीत पाणी मुरले आणि ती फुगली. म्हणून यंदा मृगापूर्वी ती उतरवून पुन्हा बांधणे भाग पडले. या भिंतीमागे तीन फूट रुंदीचा बोळ आहे. सिटी सर्व्हेच्या उताऱ्याप्रमाणे तो आमचाच. परंतु आम्हांस आठवते तेव्हापासून त्यात शेजारच्या काकूंचे सामान असे. एक तांब्याचा फुटका बंब, पाटा-वरवंटा, जुन्या कौलांची चळत आणि भिंतीस टेकवून ठेवलेल्या काही फळ्या. आमच्या आजोबांनी कधीतरी 'ठेवा की, आमची काय अडचण' असे म्हटले होते, एवढाच त्या व्यवहाराचा दस्तऐवज.

गवंडी आला आणि परांची बांधण्यास बोळ मोकळा हवा म्हणाला. काकू पुण्यास मुलाकडे गेल्या होत्या, घरास कुलूप होते. त्यांचा फोन नंबर आमच्यापाशी होता. तो आम्ही लावला नाही. का लावला नाही, हे आज सांगण्यास संकोच वाटतो, तरी सांगतो. विचारले असते तर 'थांब, मी येते' असे उत्तर येण्याची भीती होती, आणि तीन माणसे रोजावर बसून होती. सामान उचलून आम्ही मागील उघड्या अंगणात ठेवले. दुपारी परांचीस एक फळी लांब पडू लागली, तेव्हा गवंड्याने ती मधोमध कापली. ती फळी नव्हती. झोपाळ्याचा शिसवी पाट होता. त्याच्या चारही कोपऱ्यांस कड्यांची भोके होती, आणि कापण्यापूर्वी ती आम्ही पाहिली होती.

त्या रात्री आम्ही स्वतःशी पुष्कळ वाद घातला. जागा आमची, हा पहिला मुद्दा. आणि तो खोटा नव्हता. सीमेचा तंटा हा आपल्या धर्मशास्त्रकारांनी किती गंभीर मानला आहे! (सीमा हा शब्द उच्चारला की १९५६ पासून बेळगावकराच्या मनात निराळाच विषय उभा राहतो, तो येथे नको.) मनुस्मृतीत व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत सीमाविवाद हे एक स्वतंत्र पद आहे. सीमेवर वड-पिंपळासारखी दीर्घायू झाडे लावावीत, आणि जमिनीखाली कोळसे, खापऱ्या, राख, वाळू अशा न कुजणाऱ्या गुप्त खुणा पुराव्यात, इतका बारकाईचा विचार तेथे आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही सीमाविवादाचे प्रकरण आहे. आणि तिच्यावरील विज्ञानेश्वरांची मिताक्षरा टीका आपल्यापासून फार दूर नाही, चालुक्यांच्या कल्याणीस, म्हणजे आजच्या बसवकल्याण येथे लिहिली गेली. परंतु जागा कोणाची या प्रश्नाचे उत्तर मिळाले, म्हणून त्या जागेवरील वस्तू कोणाची या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. हे दोन प्रश्न आम्ही सोयीस्करपणे एक केले होते.

आमच्या वडिलांस आम्ही हे सर्व सांगितले, तेव्हा त्यांनी मनुस्मृतीच्या त्याच आठव्या अध्यायातील दुसरा एक भेद दाखविला. धन्यासमक्ष बळाने घेणे हे साहस; त्याच्यामागे घेणे हे स्तेय, म्हणजे चोरी. 'म्हणजे काकू समोर असत्या आणि तू दांडगाई केली असतीस, तर निदान चोर तरी ठरला नसतास,' असे म्हणून ते झोपावयास गेले.

दुसरा मुद्दा असा की, ते सामान टाकाऊ होते. यावरच आमचे मन अधिक काळ घुटमळले. बंब फुटका, पाटा-वरवंटा वर्षानुवर्षे कोणी हलविलेला नाही, पाटावर धुळीचा थर. मग त्यास अडगळ म्हणण्यात चूक काय? चूक ही की, अडगळ हा शब्द नेहमी दुसऱ्याच्या वस्तूस लागतो. आमच्याच माळ्यावर आजोबांची एक सहाण आहे. ती मधोमध इतकी झिजली आहे की तिच्यावर आता गंध उगाळता येत नाही. तिला कोणी अडगळ म्हणून जोत्यात बसविली असती, तर आम्ही काय म्हटले असते? योगसूत्रांत अस्तेयानंतर लगेच नसला तरी जवळच अपरिग्रह सांगितला आहे. पण तो आपण पाळावयाचा असतो. शेजाऱ्याच्या वतीने पाळावयाचा नसतो.

कायद्याची भाषाही, आश्चर्य असे की, वडिलांच्या भाषेहून फार निराळी नाही. आजोबांनी तोंडी दिली ती केवळ परवानगी. तिने जागेवर मालकी येत नाही, आणि ती मागे घेता येते. परंतु १८८२ च्या सुविधाधिकारविषयक कायद्याच्या ६३ व्या कलमात म्हटले आहे की, परवानगी मागे घेतली तरी आपले सामान हलविण्यास त्या माणसास वाजवी अवधी मिळाला पाहिजे. अवधी किती, हे कलमात मोजून दिलेले नाही. आमच्या मते काकूंच्या बाबतीत तो पुण्याहून येणाऱ्या रात्रीच्या गाडीएवढा होता.

यावर कोणी म्हणेल की, काही शेजारी विचारल्यावर हसतात, उद्या म्हणतात, आणि तो उद्या वर्षभर येत नाही. हे खरे आहे. अशा वेळी माणसाने आपली भिंत पडू द्यावी, असे आम्ही म्हणत नाही. चार माणसांदेखत सांगावे, दिवस नेमून द्यावा, तो उलटल्यावर वस्तू मोजून, यादी करून, छपराखाली ठेवावी. भिंत कोणाच्या अंगावर कोसळण्याच्या बेतात असेल, तर आधी हलवावे आणि त्याच दिवशी कळवावे. हलविण्याचा अधिकार निकडीने येऊ शकतो. कापण्याचा येत नाही. आमची निकड तर तीन माणसांच्या रोजाची होती.

याच कामात आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि ती आम्हांस अधिक लागली. बोळाच्या टोकास, जेथे आमचे घर थेट काकूंच्या परसास भिडते, तेथे गवंड्याने हद्दीची दोरी ताणली. आमच्या कौलांची शेवटची ओळ दोरीपलीकडे चांगली वीतभर गेलेली निघाली. म्हणजे आमच्या छपराच्या पागोळ्या इतकी वर्षे त्यांच्या परसात, तुळशीच्या कट्ट्यालगत पडत होत्या. तेथील मातीत ओळीने खळगे पडले आहेत. काकूंनी त्याविषयी आम्हांस कधी शब्द काढला नाही. त्यांच्या बंबाची अडगळ मात्र आम्हांस रोज दिसत होती.

काकू आठव्या दिवशी आल्या. आमच्याबरोबर चला, असे आम्ही वडिलांस विनविले. ते म्हणाले, 'मी कशाला? पाट तुझ्या देखत कापला गेला.' आम्ही एकटेच गेलो आणि दोन्ही तुकडे त्यांच्यापुढे ठेवून झाले ते सांगितले. काकूंनी तुकडे जुळवून पाहिले. मग विचारले, 'कड्या कुठं आहेत?' कड्या आणि पितळी साखळ्या बंबात होत्या, त्या शाबूत होत्या. त्या त्यांनी मोजून घेतल्या. पाट त्यांच्या यजमानांनी लग्नाच्या वर्षी करविला होता, हे आम्हांस त्या दिवशी कळले. नवा पाट करून देतो, असे आम्ही म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, 'बघू. मुलाला विचारते.' रागावल्या नाहीत, आणि क्षमा केली असेही म्हणाल्या नाहीत. सुताराचे म्हणणे असे की, खालून लोखंडी पट्ट्या मारून पाट जोडता येईल, पण बसण्याजोगा होणार नाही.

मुलाचे उत्तर अद्याप आलेले नाही. भिंत पुरी झाली असून बोळ रिकामा आहे. बंब परत तेथे ठेवावा की नाही, हे काकूंनी सांगितलेले नाही आणि आम्हीही विचारलेले नाही. कौलांखाली पन्हळ बसवून पागोळ्यांचे पाणी आमच्या बाजूस वळवावयाचे ठरले आहे. त्यासाठी शिडी मात्र त्यांच्याच परसात लावावी लागेल, म्हणून उद्या सकाळी आम्ही विचारण्यास जाणार आहोत.