न दिसणारा खिळा

खिळा दिसावा की दिसू नये, हा प्रश्न आमच्या लहानपणी कुणाला पडत नव्हता. तिफण, वखर, नांगर यांत खिळ्याला जागाच कमी. बाभळीच्या लाकडात खाच पाडायची, कुसू घालायचं, पाचर ठोकायची, झालं. लाकूडच लाकडाला धरून राहायचं. ऐन पेरणीत तिफण सैल झाली तर सुताराच्या दारात जाऊन उभं राहायचं, मग तो हातातलं काम टाकून आधी ती नीट करून द्यायचा. सुगीला त्याचं बलुतं खळ्यावरूनच जायचं. चुकार काम करून जाणार कुठं? रोज एकमेकांचं तोंड बघायचं असायचं.

आता त्याच घरातला नातू तालुक्याच्या गावी फर्निचर करतो. त्याला हवेवर चालणारी खिळ्याची बंदूक घ्यायची होती. "तात्या, चला की संगट. दुकानदार मोठी घे मोठी घे करतोय." मी पडलो शेतकरी, पण इंजिन, पंप, फवारे यांतच जन्म गेला, म्हणून गेलो.

एफ-३० म्हणतात ती बंदूक १० ते ३० मिलिमीटर लांबीचे खिळे मारते, एफ-५० ही ५० पर्यंत जाते. दोन्हींचा खिळा १८ गेजचा, म्हंजे जेमतेम सव्वा मिलिमीटर जाड, आणि डोकं नावापुरतं. लाकडात शिरला की टाचणीएवढं भोक उरतं. त्यावर लांबी भरली की कुणाच्या बापाला कळायचं नाही. मी पोराला विचारलं, तू मारतोस काय? तर १८ मिलिमीटरच्या प्लायवर ६ मिलिमीटरच्या पट्ट्या. बेरीज २४. मग ५० चा खिळा घेऊन प्लायच्या पल्याड काढायचा का? धाकटी बंदूक हलकी, कोपऱ्यात शिरते, लहान कॉम्प्रेसरवर भागतं. ६० ते १०० पीएसआय दाब पुरतो. तेलाचे दोन थेंब रोज घालायचे आणि संध्याकाळी टाकीतलं पाणी सोडायचं, नाहीतर आतून गंज धरतो. एक गोष्ट मात्र मी त्याला दोनदा बजावली. हा बारका खिळा लाकडाच्या रेषेनं किंवा गाठीला आपटून वळतो आणि बाजूनं बाहेर येतो. धरलेला हात लांब ठेव.

माझा मोठ्या बंदुकीला खरा विरोध वेगळाच होता. ती हातात असली की पट्ट्यांवर भागत नाही, फळ्याच फळ्यांना जोडायचा मोह होतो. ठाक ठाक, दोन मिनिटांत खोकं उभं. पण हा खिळा वजन धरायला केलेलाच नाही. गोंद वाळेपर्यंत दोन लाकडं जागेवर धरायची, एवढीच त्याची नोकरी. खरी पकड गोंदाची. गोंद कमी लावला तरी द्यायच्या दिवशी कपाट तसंच दिसतं. फळी झोल खाते ती पुढं कधीतरी.

कुणी म्हणेल, जुन्या काळी कुसू तरी कुठं दिसायचं? बरोबर. आखूड कुसू खाचेत लपायचंच की. लपवायची सोय बंदुकीनं आणलेली नाही. फरक एवढाच की तेव्हा खोट परत दारात यायची. आता फ्लॅटवाल्याला सुताराचं नाव माहीत नाही, सुताराला फ्लॅटवाल्याचं तोंड माहीत नाही. आणि हे सुतारापुरतं थोडंच आहे! आमच्या शिवारात घरच्या भाजीचा वाफा वेगळा राखणारे आहेत. बाजारच्या भाजीवर सकाळी औषध, संध्याकाळी तोडणी. डब्यावर किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं, पण खाणारा ओळखीचा नसतो.

म्हणून बलुतेदारी बरी होती, असं मात्र मी म्हणणार नाही. तिचे गोडवे गातात ते बलुतं घालणारे, मागायला खळ्यावर उभे राहिलेले नव्हेत. या पोराच्या आज्याचं कोपर वाकस मारून मारून सरळ होत नव्हतं. सुताराच्या पोटी आला म्हणून सुतार, दुसरी वाट नाही. तसल्या धाकातून आलेल्या चोख कामाला प्रामाणिकपणा म्हणावं का, याचीच मला शंका आहे. कुणी बघत नसताना, कुणी विचारणार नसताना पोरगं सबंध कडेला गोंद लावेल, तर ते त्याचं स्वतःचं.

हे मी त्याला परतीच्या एस.टी.त सांगितलं. पोरगं हुशार. म्हणालं, "तात्या, पटतंय. पण ठेकेदार गोंदाचा डबा मोजून देतो. जादा लागला तर माझ्या मजुरीतनं. त्याचं काय?"

हा प्रश्न माझ्या प्रवचनापेक्षा मोठा होता. चांगलं काम मागायचं आणि त्याचा खर्च सगळ्यांत खालच्या माणसाच्या खिशातून काढायचा, ही कुठली नीती? मी म्हटलं, दर सांगताना गोंद वेगळा लिहून दे, किती किलो आणि का, ते पण लिही.

त्यानं धाकटी बंदूक घेतली. तेव्हापासून गोंद वेगळा लिहितो. दोन ठेकेदारांनी त्याचा कागद वाचूनच परत दिला. तिसऱ्यानं घासाघीस केली, पण काम दिलं.